ऊन लहान करता येत नाही



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या कितीतरी मुलांना चित्रकला शिकवली. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर तांब्या-पेला मांडला, की कागदाला पेन्सिल लावण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “उजेड कुठून येतोय?” मी ज्या कामाविषयी बोलणार आहे त्यात हा प्रश्न मला अजून रोज पडतो, म्हणून हा विषय या व्यासपीठावर आणायला मी धजलो.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमान, रणगाडा किंवा जहाज जुळवायचं, ते रंगवायचं, आणि बोटाएवढ्या माणसांच्या चेहऱ्यांवर रंगांनी जीव आणायचा, हे ते काम. त्यासाठी मिळणाऱ्या खोक्याला किट म्हणतात. पुष्कळांना ते मुलांचं खेळणं वाटतं. खेळण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण हे काम तिथे थांबत नाही. वस्तूचं माप लहान करता येतं, ते यंत्र करतं आणि उत्तम करतं. पण त्या वस्तूवर पडणारं ऊन, तिचं वजन, तिच्यावर बसलेली धूळ आणि तिच्याकडे पाहणारा डोळा यांतलं काहीही त्या मापाने लहान होत नाही. मधे जी तफावत राहते ती हाताने आणि कुंचल्याने भरून काढावी लागते. माझ्या मते ही चित्रकला आहे, आणि तिची कदर चित्रकला म्हणूनच व्हायला हवी.

आधी मापाबद्दल. विमानांच्या प्रतिकृतींचं सगळ्यांत रुळलेलं माप १:७२. सहा फुटी माणूस इथे बरोबर एक इंचाचा होतो. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये इंच-फुटांच्या हिशेबाने हे माप ठरलं आणि पुढे जगभर गेलं. दुसऱ्या महायुद्धात त्याला मोठंच काम मिळालं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांना याच मापाची पाच लाख लाकडी विमानं करून मागितली. सैनिकांना आणि टेहळणी करणाऱ्या नागरिकांना शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे ओळखायला शिकवायचं होतं. हिशेब साधा होता. ३५ फुटांवर टांगलेलं १:७२चं विमान अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. ही विमानं मुलांनी काळी रंगवली, कारण आकाशात विमानाची फक्त बाह्याकृती ओळखायची असते. प्रकाशाचा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. नेमकं माप एवढंच पुरेसं असलेलं प्रतिकृतीचं मला माहीत असलेलं हे जवळपास एकमेव उदाहरण.

रणगाड्यांचं १:३५ हे माप मात्र हिशेबातून आलेलं नाही, आणि त्याची कथा मला फार आवडते. जपानमधल्या शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याची गिरणी काढली. शिझुओका लाकूडकामाचं जुनं गाव. तोकुगावा या सत्ताधारी घराण्याच्या काळात तिथल्या सेंगेन मंदिराच्या बांधकामासाठी देशभरचे कारागीर आले आणि तिथेच स्थिरावले, असं सांगतात. तामियांनी लाकडी प्रतिकृतीही करायला घेतल्या. १९५१ मध्ये आगीत लाकडाचा साठा जळाला, आणि पुढे गिरणी बंद करून ते पूर्णपणे प्रतिकृतींकडे वळले. तेवढ्यात अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून प्लॅस्टिकची किट येऊ लागली आणि लाकडाचे दिवस भरले. १९६० मध्ये तामियांनी ‘यामातो’ या युद्धनौकेचं आपलं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. ते काही चाललं नाही. मग योशिओंचे चिरंजीव शुनसाकू यांनी जर्मन ‘पँथर’ रणगाडा निवडला. तो मोटरवर चालायला हवा होता, म्हणून आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढी जागा ठेवून रणगाड्याचा आकार ठरवला. पुढे मोजून पाहिलं तेव्हा ते माप १:३५च्या आसपास निघालं. आज जगातल्या बहुतेक कंपन्या रणगाडे आणि सैनिक याच मापात काढतात. ‘पँथर’च्या खोक्यावरचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांनी काढलं होतं. मुलांच्या मासिकांतल्या चित्रांमुळे त्यांचं नाव जपानमध्ये घरोघरी होतं, आणि किट दुकानात उठून दिसलं त्यात त्या चित्राचा वाटा मोठा होता.

शुनसाकू तामिया २०२५ मध्ये वारले, वयाच्या ९०व्या वर्षी. हा माणूस रणगाडे मोजायला अमेरिकेतल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी संग्रहालयात गेला. पोर्श गाडीचं किट करायचं म्हणून त्याने खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सगळी सुटी केली. मोजमापाची एवढी तळमळ असलेल्या माणसाचं किट हातात घेतलं तरी रंगवणाऱ्याचं काम कमी होत नाही. का, ते आता सांगतो.

पहिली अडचण जाडीची. पोलादी साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने भरून हे भाग काढतात, आणि प्लॅस्टिक साच्यात सगळीकडे पोचायचं तर भागाला साधारण एक मिलिमीटर जाडी लागते. रणगाड्याच्या साखळीवरचा पत्रा, म्हणजे फेंडर, खऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा असतो. १:३५ मध्ये एक मिलिमीटर प्लॅस्टिक म्हणजे खऱ्यातला साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा! तो चेपलेला दाखवता येत नाही, फाटलेला दाखवता येत नाही. म्हणून हौशी लोक अ‍ॅसिडने कोरलेला दशांश मिलिमीटरचा पितळी पत्रा वापरतात, किंवा प्लॅस्टिकची कड आतून तासून पातळ करतात. बाहेरून दिसते ती कड पातळ झाली की सगळा पत्रा पातळ वाटतो. रंगाच्या थरालाही हेच लागू. दाट रंगाचा एक हात मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरला तरी खऱ्या रणगाड्यावर तो पावणेदोन मिलिमीटरचा लेप होईल. रिव्हेट बुजतात, कपड्याच्या चुण्या भरून जातात. रंग पातळ करून अनेक हात द्यायचे, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात ते यासाठी.

दुसरी अडचण वजनाची. माप ३५ पटींनी कमी झालं की वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी कमी होतं. टी-५५ हा रणगाडा आपल्या सैन्यात होता. त्याचं वजन ३६ टन. अगदी पोलादातच केला तरी १:३५चा टी-५५ साडेआठशे ग्रॅमच्या आतबाहेर भरेल, आणि प्लॅस्टिकचा त्याहून कितीतरी हलका असतो. खऱ्या रणगाड्याची साखळी स्वतःच्या भाराने ओघळून वरून चाकांवर टेकते. तो ओघळ दिसला की आपल्याला त्या यंत्राचं वजन जाणवतं, कळत-नकळत. जुन्या किटमधली व्हिनाइलची साखळी पट्ट्यासारखी ताठ राहते आणि सगळा रणगाडा पोकळ वाटू लागतो. मग कोणी साखळी दोऱ्याने खाली बांधतं, कोणी चाकाला चिकटवतं. हंगेरीतली फ्रिउलमोडेल ही कंपनी तर एकेक कडी जोडायच्या धातूच्या साखळ्या विकते, ज्या आपल्या भाराने खरोखर ओघळतात. गुरुत्वाकर्षण तेच, वस्तू तेवढी लहान. म्हणून वजन दाखवावं लागतं.

चित्रपटवाल्यांना हे आपल्याआधी कळलं होतं. वरून पडणारी १:१६ची वस्तू आपल्या उंचीच्या मानाने खऱ्या वस्तूच्या चौपट वेगाने खाली येते. म्हणून अशी दृश्यं सेकंदाला २४ऐवजी ९६ चौकटींनी टिपतात, आणि पडद्यावर ती संथ, जड दिसतात. पाण्याला मात्र कोणतीच युक्ती पुरी पडत नाही. थेंबाचा आकार पाण्याचा स्वभाव ठरवतो, चित्रपटाचा दिग्दर्शक नाही. हौदातल्या जहाजावर उडालेला एक थेंब सगळं गुपित फोडतो. धुळीचंही तसंच. रस्त्यावरची धूळ आणून प्रतिकृतीवर टाकली तर तिचे कण त्या मापात खडे दिसतात. अतिशय बारीक दळलेली रंगद्रव्यं लावूनच धूळ दाखवावी लागते.

आता प्रकाश. इथे मला थोडं सावकाश बोलायचं आहे.

एर्न्स्ट हाइनरिक्सेन यांनी १८३९ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात कथिलाचे सैनिक ओतायचा कारखाना काढला. हे सैनिक चपटे होते, जाडी जेमतेम एखाद्या मिलिमीटरची. पाटीच्या दगडात दोन्ही बाजूंनी उलटं कोरायचं आणि मधे कथिल ओतायचं. १८४८ मध्ये त्यांनी पायदळाच्या सैनिकाची उंची तीन सेंटिमीटर ठरवून टाकली, आणि वेगवेगळ्या कारखान्यांचे सैनिक एका पटावर उभे राहू लागले. कुल्मबाख गावच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात अशा कथिलाच्या आकृतींचं संग्रहालय आहे, तिथे तीन लाखांहून अधिक आकृती आहेत. या चपट्या माणसाला खांदा नाही, छातीचा फुगवटा नाही. जे आहे ते रेघांइतकं उथळ. त्याला गोलाई देतो तो रंगवणारा. उजेड डाव्या बाजूने वरून येतो असं ठरवायचं, गालाच्या एका बाजूला उजळ छटा, दुसरीकडे सावली, पट्ट्याखाली गडद रेघ. सरांच्या तांब्याचा धडा हाच.

पुढे गोल, भरीव आकृती, म्हणजे फिगर, आल्या तेव्हा अनेकांना वाटलं, आता सावली आपोआप पडेल. ती पडत नाही. माळरानावर दुपारी उभ्या असलेल्या सैनिकाच्या डोळ्यांवर शिरस्त्राणाची काळीभोर सावली असते, कारण ऊन एका दिशेने येतं आणि फार प्रखर असतं. आपली फिगर घरात असते. तिच्यावर खिडकीचा, ट्यूबलाइटचा, भिंतीवरून परतलेला असा चारही बाजूंचा मऊ उजेड पडतो. एका सपाट रंगात रंगवलेला गणवेश या उजेडात सपाटच दिसतो. त्यातून खरी कातडी थोडा प्रकाश आत घेते आणि मग परत देते, म्हणून कानाच्या पाळीला उन्हात तांबूस झाक येते. रंगाचा थर हे करत नाही. म्हणजे माळरानावरचं ऊन आणि कानातली झाक, दोन्ही रंगवूनच आणावी लागतात.

हे ज्यांनी नीट मांडलं त्यांत दोन नावं मला महत्त्वाची वाटतात. अमेरिकेतल्या शिकागोचे शेपर्ड पेन. १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटच्या खोक्यात त्यांनी केलेल्या देखाव्यांची रंगीत पत्रकं येत, आणि त्यांत तो देखावा कसा केला ते त्यांनी स्वतः उलगडून सांगितलेलं असे. ज्ञान लपवायचं नाही, ही त्यांची वृत्ती. २०१५ मध्ये ते गेले. दुसरे बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन. गडद रंग अगदी पातळ करून खाचांत सोडायचा, म्हणजे वॉश. आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजळ रंग घासायचा, म्हणजे ड्रायब्रश. या दोन रीती त्यांनी जगभर नेल्या. आज काही जण ड्रायब्रशला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. हात तयार होईपर्यंत उंचवटा कुठे आणि खोलगट कुठे हे ड्रायब्रशइतकं स्पष्ट दुसरं काही शिकवत नाही.

फिगरवर मी स्वतः आधी सगळीकडे काळा प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, देतो आणि मग फक्त वरून, एका बाजूने, पांढरा फवारतो. जिथे पांढरं पडलं तिथे ऊन, जिथे काळं राहिलं तिथे सावली. त्याचा एक फोटो काढून ठेवतो. पुढे रंग चढवताना मन भरकटलं की तो फोटो बघायचा. मूळ रंग, मग सावल्यांचे दोन-तीन हात, मग उजळ छटांचे, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा कमी जागेवर. शेवटचा उजळ ठिपका नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या ओठावर.

आणि डोळे. माणसाच्या पापण्यांमधली फट साधारण तीन सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर उंच असते. १:३५ मध्ये ती एक मिलिमीटरहून कमी रुंद आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उंच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, आणि तो कामाला बसला की बाकीचे हळू बोलतात, ते का हे इथे कळतं. बुबुळाचा ठिपका पूर्ण दिसला तर माणूस दचकल्यासारखा वाटतो. त्याचा वरचा भाग पापणीखाली गेला पाहिजे. डोळ्याचा पांढरा भाग कधी पांढरा ठेवायचा नाही, त्यात कातडीचा रंग मिसळायचा. या कामासाठी सायबेरियातल्या कोलिन्स्की या विझल जातीच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे कुंचले नावाजलेले आहेत. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी ‘सीरीज ७’ नावाचे असे कुंचले केले, ते आजही मिळतात. आपल्याकडच्या लघुचित्रकारांनी खारीच्या शेपटीचे केस वापरले. कुंचला किती बारीक आहे याला फार महत्त्व देऊ नका. पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं असलेला मध्यम कुंचला केसाएवढ्या कुंचल्यापेक्षा चांगली रेघ काढतो, कारण केसाएवढ्या कुंचल्यात रंग फिगरला लागायच्या आतच सुकतो.

रंगाच्या छटेचा एक वाद आमच्यात कायम चालतो. कारखान्याच्या नोंदीतला अचूक हिरवा आणून रणगाड्याला दिला तरी तो काळपट दिसतो. काही जण म्हणतात, मधल्या हवेमुळे लांबची वस्तू फिकी दिसते, म्हणून रंगात पांढरा मिसळावा. पण ३० सेंटिमीटरवरून पाहिलेला १:३५चा रणगाडा म्हणजे साडेदहा मीटरवरचा खरा रणगाडा. तेवढ्या हवेने काय फिकं होणार? मला यामागचं कारण डोळ्याचं वाटतं. घर रंगवताना शेड कार्डावर पसंत केलेला रंग भिंतभर लागला की जास्त उजळ वाटतो, हा अनुभव इथे अनेकांना असेल. तोच रंग लहान तुकड्यावर मंद दिसतो. म्हणून पांढरा मिसळायचाच, पण टक्क्यांच्या कोष्टकाने नाही, डोळ्याला विचारून.

आता मापाचा प्रश्न उलटा करून बघू. मोठी जागा दाखवायची असेल तर? ब्रिटिश लष्करातले विल्यम सायबोर्न यांना १८३० मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. ला ए साँत या रणभूमीवरच्या वाडीत आठ महिने राहून त्यांनी जमीन मोजली. हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून, त्या संध्याकाळी तुमची तुकडी नेमकी कुठे होती आणि समोर कोणतं पीक होतं, ते विचारलं. सरकारने मधेच पैसे थांबवले, तरी त्यांनी स्वतः कर्ज काढून काम पुरं केलं, आणि ते कर्ज त्यांना आयुष्यभर पुरलं. १८३८ मध्ये लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांनी पाहिली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्यावर ७० हजारांहून अधिक कथिलाचे सैनिक आहेत. जमिनीचं माप मैलाला नऊ फूट. त्या मापात माणूस तीन मिलिमीटरचा होईल, दिसणारच नाही. म्हणून सायबोर्न यांनी सैनिक १:१८०च्या मापात, सुमारे एक सेंटिमीटरचे केले, आणि चढ-उतारही त्याच मापाने वाढवले. एका पटावर दोन मापं. नुसत्या गणिताने हे चूक आहे. पण त्या टेकडीचा उतार रणांगणावर उभ्या असलेल्या सैनिकाला जेवढा जाणवला असेल तेवढा तो पाहणाऱ्याला जाणवतो, आणि म्हणून मला ते बरोबर वाटतं.

हे दुहेरी माप आपल्या घरचंच आहे. दिवाळीत मुलं माती-दगडांचा किल्ला करतात. त्यावरचा मावळा आठ-नऊ सेंटिमीटरचा, म्हणजे १:२०च्या जवळपास. त्या मापाने रायगड करायचा झाला तर तो कित्येक मजली इमारतीएवढा उंच होईल. मुलं तो गुडघ्याएवढा करतात, आणि तरी तो रायगड दिसतो. कारण दरवाजा कुठे, बुरूज कुठे, वाट कशी वळते हे त्यांनी बरोबर घेतलेलं असतं. महाराज सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठे बसतात, ते मानाचं माप आहे, त्याला हात लावू नये. सायबोर्नने जे कर्ज काढून केलं ते आपली मुलं अळिवाची हिरवळ पेरून दरवर्षी करतात. त्यात उणीव आहे ती रंगाची. बाजारात मावळे आता रंगवूनच येतात. फवारलेला गुलाबी चेहरा, दोन काळे ठिपके, कपड्यावर एक सपाट लाल. मुलाच्या हातात यायच्या आधीच त्यातलं सगळ्यांत सुंदर काम कोणीतरी घाईने उरकलेलं असतं.

कोणी विचारतं, हे सगळं युद्धाचंच का? प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं, की जो माणूस एका सैनिकाचा थकलेला चेहरा आठवडाभर रंगवतो, त्याला तो सैनिक आकड्यातला राहत नाही. तरीही युद्धाखेरीज रेल्वे आहे, बैलगाडी आहे, गलबतं आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुंबईत भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात कारागिरांच्या आणि गावोगावच्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे खऱ्या रणगाड्याजवळ जाऊन साखळीचा ओघळ आणि रंगाच्या छटा पाहता येतात. मुलांना तिथे न्या, आणि पाहताना त्यांना उन्हाची दिशा विचारा.

शेवटी या गावातल्या मंडळांना आणि मूर्तिकारांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या महिनाभर आधी बाजारात कोरे मावळे ठेवा, मातीचे, न रंगवलेले. किल्ले स्पर्धेच्या गुणपत्रिकेत किल्ल्याच्या रचनेबरोबर मुलांनी स्वतः रंगवलेल्या फिगरलाही गुण द्या. पोस्टर रंगाच्या सहा बाटल्या आणि टोक नीट राहणारा एक कुंचला एवढ्यावर हे सुरू होतं. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी परवानगी दिली, तर दसऱ्यानंतरच्या दोन रविवारी सकाळी या सभागृहाच्या ओसरीवर मी टेबल मांडून बसेन. मुलांनी एकेक कोरा मावळा घेऊन यावं. रंग मी आणीन.